कोपऱ्यातली देवी

मला झाडांचं वेड वगैरे काही नव्हतं. जुन्यातले काही लोक अजून मला झाडवाल्या काकू म्हणतात, तेव्हा मी तसली कोणी थोर बाई असावी असं त्यांना वाटतं. खरं कारण इतकंच की आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला होती आणि समोर कॉलनीचा मोकळा प्लॉट होता. लेआउट पाडताना बिल्डरला अशी एक जागा सगळ्यांसाठी सोडावी लागते, तिला सगळे ओपन स्पेसच म्हणायचे. नव्वदच्या सुरुवातीला आम्ही गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला या रो-हाउसमध्ये राहायला आलो, तेव्हा आजूबाजूला द्राक्षांचे मळे होते आणि ऊन अडवायला काहीही नव्हतं. एप्रिलमध्ये दुपारी चारला पोळ्या लाटताना मी अक्षरशः भाजून निघायचे. तेव्हा खिडकीसमोर एखादं झाड असावं, एवढाच माझा स्वार्थ होता.

शेजारी भिंतीला भिंत लागून जी राहायला आली ती नामपूरकडची. नवरा मनमाडला रेल्वेत, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. मूलबाळ नव्हतं. ती माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणायची. पहिल्याच आठवड्यात टँकर आला नाही म्हणून सगळ्या बायका गेटपाशी जमल्या होत्या, तेव्हा हिने येऊन विचारलं, "पानी शे का कोन्हाकडे?" झालं. त्या अहिराणी ‘शे’वरून बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि पुढे कित्येक महिने तिची पाठ वळली की कोणीतरी ‘शे का, शे का’ करायचं. हळदीकुंकवाला तिला शेवटी बोलवायच्या, भिशीत तर घेतलंच नाही. मी तिला माझ्या बादलीतलं पाणी दिलं आणि तिथून आमची गट्टी जमली.

रोपं तिच्याबरोबर जाऊन आणली. सरकारी रोपवाटिकेतून कडुलिंब, करंज, एक जांभूळ, एक बहावा, दोन कांचन. खड्डे आम्हीच खणले, कारण पुरुषमाणसांना रविवारी झोपायचं असायचं. पाणी सकाळी जेमतेम तासभर यायचं, त्यात झाडांना कोण देणार? मग आम्ही दोघींनी ठरवलं की तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही. ओट्याखाली एक बादली ठेवली. संध्याकाळपर्यंत ती भरायची आणि दिवेलागणीच्या आधी आम्ही दोघी आपापली बादली घेऊन निघायचो. मळेवाल्याकडून जुन्या ठिबकच्या नळ्यांचे तुकडे मागून आणले आणि मडक्यांना भोकं पाडून ती मुळाशी पुरली. बाभळीच्या काट्या आणून कुंपण केलं, कारण शेळ्या सोडणारे एक आजोबा रोज आमच्याशी गोड बोलायचे आणि रोज शेळ्या आत सोडायचे.

पहिली दोन वर्षं नुसती हसण्यावारी गेली. पोरांनी एका कांचनाचा स्टंप केला. तो गेला. दुसरा गाईने खाल्ला. "वहिनी, जंगल कधी होणार?" असं जाता-येता विचारणारे एक गृहस्थ होते, त्यांना मी एकदा बादलीच हातात दिली. तेव्हापासून ते दुसऱ्या गल्लीने जायला लागले. पण राहिलेली रोपं धरली. तिसऱ्या उन्हाळ्यात कडुलिंब माझ्या डोक्याच्या वर गेला, तेव्हा ती त्याच्या खोडाला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली की माहेरी सांगते, ताई, मी एक झाड वाढवलंय. तिचे डोळे भरून आले होते. तिला माया लावायला दुसरं काही नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

खरा त्रास शेळ्यांचा नव्हता, कचऱ्याचा होता. तेव्हा घंटागाडी सुरू झाली नव्हती. कुंडी लांब, चौकात. लोक स्कूटरवर बसता बसता पिशवी भिरकावायचे ती नेमकी आमच्या झाडांच्या बुंध्याशी. शिळा भात, चिंध्या, फुटक्या बाटल्या, गणपती झाले की थर्माकोल. घरोघर जाऊन हात जोडले. ‘येथे कचरा टाकू नये’ अशी पाटी रंगवून लावली, तर लोकांनी त्या पाटीखालीच ढीग घातला. चांगल्या शिकलेल्या, गाड्या असलेल्या लोकांनी. एकदा जांभळाच्या मुळाशी कोणीतरी रंगकामाचं टर्पेंटाइन ओतलं आणि जांभूळ उभं वाळलं. त्या दिवशी मी रडले आणि ती चिडली. म्हणाली की माणसाला हे लोक भीत नाहीत ना, मग देवाला भितील.

त्या आठवड्यात आमच्याकडे मिक्सर आला होता आणि पाटा-वरवंटा मागच्या अंगणात जाऊन पडला होता. वरवंट्याचा एका टोकाचा टवका उडालेला. लग्नात माझ्या आईने दिलेला, त्यावर मी इतकी वर्षं लसणाची चटणी वाटली होती. तिने तो उचलला, पंचवटीतून शेंदूर आणला, तेलात कालवला आणि आमच्याच मोरीपाशी बसून आम्ही दोघींनी तो वरवंटा माखला. हसून हसून आमची पुरेवाट झाली होती. बारशाला पाळण्यात वरवंटा घालून गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणतातच की, मग हा काय वेगळा, असं मी म्हटलं. पहाटे दूधवाला यायच्या आत कडुलिंबाच्या बुंध्याशी चार विटा मांडून त्यात तो उभा रोवला. टवका उडालेली बाजू खाली मातीत घातली. एक उदबत्ती लावली, जास्वंदीचं फूल ठेवलं आणि घरी येऊन चहा प्यायलो.

त्या दिवसानंतर तिथे कोणी काही टाकलं नाही. एक साल केळ्याचं नाही. मला तर वाटलं की नाशकातले सगळे उकिरडे या एका युक्तीने साफ होतील.

आणि झाडं वाढली. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात हे कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. कडुलिंबाखाली इस्त्रीवाल्याने टेबल टाकलं. धुण्याभांड्याच्या बायका दुपारी तिथे डबा सोडून बसायला लागल्या. शाळेची रिक्षा तिथे थांबायची, रिटायर्ड मंडळींनी सिमेंटचा बाक आणून ठेवला. एप्रिलमध्ये बहावा असा फुलायचा की माझ्या ओट्यावर पिवळा उजेड पडायचा. ‘जंगल कधी होणार’ विचारणारे गृहस्थ त्याच बाकावर पेपर वाचत बसायचे आणि आलेल्या पाहुण्यांना आमच्या कॉलनीतली झाडं म्हणून दाखवायचे. मला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट बरंच वाटायचं. दोन बादल्या धुवणाचं पाणी, रोज, न चुकता, एवढंच आमचं भांडवल होतं आणि त्यातून एवढं उभं राहिलं, या खुशीत मी होते.

वरवंट्याकडे मात्र माझं लक्ष नव्हतं. तिचं होतं. मी झाडांना पाणी घालून परत फिरायचे, ती मागे थांबून दिवा लावायची. परीक्षेला बसलेल्या एका पोराने नारळ फोडला, तो पास झाला. कोणी म्हणालं मारुती, कोणी म्हणालं म्हसोबा. मग तिने एका नवरात्रात सांगितलं की तिला स्वप्न पडलं, ही गडावरच्या देवीची बहीण आहे. मी तिला स्वयंपाकघरात विचारलं, "अगं, काय हे?" ती हसली. म्हणाली, लोकांना काहीतरी नाव पाहिजे ना ताई, देवी म्हटलं की झाडालाही कोणी हात लावणार नाही. मला ते पटलं. चांदीचे डोळे आले, पत्र्याचं छप्पर आलं. हळूहळू बायका तिच्या पाया पडायला लागल्या. ज्या बायका ‘शे का’ करून हसत होत्या त्याच. तिला आता आई म्हणायचे. आरतीच्या वेळी ती माइकवर बोलायची तेव्हा तिची भाषा एकदम शुद्ध असायची, त्यात एकही ‘शे’ नसायचा. ते ऐकताना खटकायचं, पण मैत्रीण आहे, मिरवू दे थोडं, असं वाटलं.

सिंहस्थ जवळ आला तशी शहरात जिकडे तिकडे रंगरंगोटी सुरू झाली. आमच्या नगरसेवकाने देवीला पक्कं देऊळ आणि पुढे सभामंडप बांधून द्यायचं जाहीर केलं. कॉलनीत पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. आठ दिवसांनी सकाळी दूध घ्यायला गेले तर कडुलिंबाच्या खोडावर नोटीस चिकटवलेली. कडुलिंब, करंज, बहावा, सगळी तोडायची, कोणाची हरकत असेल तर कळवावी.

हरकत माझ्याशिवाय कोणाची नव्हती. मी अर्ज घेऊन महापालिकेत गेले, परत गेले, परत परत गेले. उद्यान विभागाचे साहेब माणूस म्हणून भले होते. ते म्हणाले, प्लॉटचा दुसरा कोपरा रिकामा आहे, मंडप तिकडे घेतला तर एक फांदीसुद्धा तोडायला नको. पण कॉलनीचं म्हणणं असं की देवी स्वयंभू आहे, जिथे प्रकट झाली तिथून तिला हलवता येत नाही. मी म्हटलं, साहेब, ती प्रकट वगैरे झालेली नाही, ती आम्ही दोघींनी ठेवली आहे. त्यांनी माझा अर्ज पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले की मी जागेवर येतो, तुम्ही दोघींनी सगळ्यांसमोर सांगा, पुढचं मी बघतो.

आदल्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. तिने चहा केला. मी तिला सगळं सांगितलं की मूर्ती हलवली तरी देऊळ होणारच आहे, फक्त त्या कोपऱ्यात होईल, तुझं काही जात नाही. तिने कप खाली ठेवला. मग तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "सांगेन ताई. आपली लेकरं आहेत ती." मी निश्चिंत होऊन घरी आले आणि खूप दिवसांनी शांत झोपले.

साहेब दुसऱ्या दिवशी दहाला आले. अख्खी कॉलनी कडुलिंबाखाली उभी होती, नगरसेवकाची माणसंही होती. मी सांगितलं. वरवंटा, टवका, शेंदूर, कचरा, सगळं. आधी हशा झाला, मग कुजबुज, मग एक जण मोठ्याने म्हणाला की देवीला वरवंटा म्हणता, जीभ झडेल. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नसेल तर हिला विचारा, ही होती माझ्याबरोबर. सगळे तिच्याकडे वळले. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, देवीकडे तोंड करून हात जोडले आणि त्या माइकवरच्या आवाजात म्हणाली, "मी इथे राहायला आले तेव्हा देवीआई होतीच इथे. ताईंचा काहीतरी गैरसमज होतोय."

मी तिच्याकडे बघत राहिले, ती माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, माती उकरा, खाली टवका दिसेल. कोण उकरणार? देवीच्या बुडाला हात लावायला एक माणूस पुढे आला नाही. मी वाकले तर गर्दीतल्या दोन बायकांनी मला दंडाला धरून मागे ओढलं, आणि हे अगदी हळुवारपणे, आजारी माणसाला धरतात तसं. साहेबांनी फाइल मिटली. जाताना मला म्हणाले की बदली रोपं लावायची अट घालतो, बाई. आजपर्यंत एकही लावलेलं नाही.

झाडं एका दिवसात तोडली. करवतीचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात येत होता आणि मी गॅस बंद करून बसले होते. संध्याकाळी बाहेर आले तर आभाळ इतकं मोठं आणि उघडं दिसलं की मला ते बघवेना. बहाव्याच्या फांद्या बंबासाठी लोक ओढून नेत होते. मी तशीच तिच्या दारात गेले. ती आतून आली, उंबऱ्याच्या आत उभी राहिली, ये म्हणाली नाही. मी फक्त विचारलं, का?

तेव्हा तिची भाषा परत आली. "इतली वर्षं पानी घातलं ताई आपण. कोन्ही इचारलं का, ही बाई कोन शे? मनमाडवाल्याची बायको, बस. आता माले सगळे वळखतस. तो वरवंटा म्हटला असता तर उद्यापासून मी परत कोन?"

मी म्हटलं, "आणि मी? मी नव्हते का ओळखत तुला?"

"तू एकटीच ना, ताई," ती म्हणाली.

तिने दार लावलं. जोरात नाही, नेहमीसारखंच. पाण्याच्या पहिल्या बादलीपासून सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं आणि मला कळलं की केसाने गळा कापणं म्हणजे नक्की काय असतं. तिने खोटं सांगितलं याचा राग होताच. पण त्याहून जास्त हे लागलं की तिच्या हिशेबात मी एकटी म्हणजे कोणीच नव्हते. ज्या बायका तिला हसल्या त्यांनी पाया पडणं तिला हवं होतं. जी हसली नाही ती तर घरचीच, तिला काय विचारायचं.

मला कधी कधी असंही वाटतं, आणि वाटलं की चीड येते, की तिने माझ्यापेक्षा वेगळं काय केलं? मी रोज एक बादली पाणी घातलं, तिने रोज एक दिवा लावला. मी एक दिवस चुकवला नाही, तिनेही नाही. माझ्या पाण्याने झाडं झाली आणि तिच्या दिव्याने वरवंट्याची देवी झाली. फरक एवढाच की तिने माझी झाडं खाल्ली.

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं ते झालंच. भिंतीला भिंत आहे, तिच्या कुकरच्या शिट्ट्या मला ऐकू येतात, तिचा नवरा वारला तेव्हा मी भाकरी-पिठलं पोचवलं, पण ते तिच्या जावेच्या हातात दिलं. मंडपात मी पाऊल ठेवत नाही. नवरा म्हणतो, सोड आता. सोडायला मला काय जातंय, पण सोडून दुपारच्या उन्हाचं काय करू? खिडकीला मी हिरवं कापड लावलं आहे.

दोनेक वर्षांमागची गोष्ट. आमच्या वरच्या मजल्यावर एक नवीन जोडपं भाड्याने आलं. त्यातली मुलगी मोठी गोड, पहिल्याच आठवड्यात पोळ्या कशा मऊ करायच्या ते विचारायला आली. नवरात्रात एका संध्याकाळी प्रसाद घेऊन खाली आली आणि मला म्हणाली की काकू, तुम्ही इथल्या जुन्या ना, देवी प्रकट झाली तेव्हा तुम्ही होता? मी म्हटलं, होते. मी आणखी काही बोलायच्या आत तिने वाटी टेबलावर ठेवली, पदर घेतला आणि वाकून माझ्या दोन्ही पायांना हात लावून डोक्याला लावला. मंडपातल्या आईंच्या पाया पडतात तशी.

मी पाय मागे घेतले. तिला बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. त्या जागी कडुलिंब होता, इथे करंज, इथे बहावा. ती खिडकीतून मंडपाच्या फरशीकडे बघत म्हणाली, "इथे झाडं होती? मंडपातल्या आई तर म्हणाल्या नुसता उकिरडा होता." मग मी तिला वरवंट्याचंही सांगितलं. लसणाची चटणी, टवका, शेंदूर आम्ही कसा कालवला, पहाटे विटा कशा मांडल्या, सगळं, एकही शब्द न गाळता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी मला न हसता, न रागावता, शेवटपर्यंत ऐकून घेत होतं. तिचे डोळे पाण्याने भरले. मला वाटलं, चला, एका माणसाला तरी पटलं.

ती उठली आणि माझे हात तिने आपल्या हातात घेतले.

"म्हणजे देवीने तुमच्याच हातून करून घेतलं ना, काकू," ती म्हणाली. "किती भाग्य तुमचं."

ती हे इतक्या मनापासून बोलली की मला तिच्यावर रागावता येईना. ती गेल्यावर मी प्रसादाची वाटी घासून ठेवली. पलीकडे मंडपात माइकवर आरती सुरू झाली होती, आणि शेजारणीचा तो शुद्ध आवाज भिंतीतून आणि खिडकीतून, दोन्हीकडून माझ्या घरात येत होता.